फेनबॉस पाहण्यासाठी तीन दिवस : केप टाउनमधील एका मार्गदर्शित वनस्पतिफेरीचे परीक्षण

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझी थोरली बहीण आणि मी, आम्ही दोघींनी दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे एका छोट्या स्थानिक संस्थेची तीन दिवसांची मार्गदर्शित वनस्पतिफेरी केली. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या चव्हाट्यावर मांडण्याचा माझा हेतू नाही. शिवाय अशा फेऱ्यांचे कार्यक्रम एकमेकांशी इतके मिळतेजुळते असतात की, येथे लिहिलेले बरेचसे इतर फेऱ्यांनाही लागू पडावे. निकाल आधीच सांगून टाकते : फेरी घेण्याजोगी आहे, मात्र जाहिरातीत ती ज्या कारणासाठी विकली जाते त्या कारणासाठी नव्हे. जाहिरात फुलांच्या गालिच्यांची आहे. प्रत्यक्षात आम्ही अधिक वेळ पाहिले ते जळलेले उतार, तोडलेल्या पाइन वृक्षांचे बुंधे, कुंपणे, पिंजरे आणि या सगळ्यांच्या मध्ये तग धरून राहिलेली ‘फेनबॉस’ ही केपची झुडपी वनस्पतिसृष्टी. आणि मला विचाराल तर पैसे वसूल झाले ते याच भागामुळे.

ज्यांना या प्रदेशाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा, असे भूमध्यसागरी हवामान जगात पाचच ठिकाणी आढळते : खुद्द भूमध्य समुद्राभोवतालचा प्रदेश, कॅलिफोर्निया, मध्य चिली, नैर्ऋत्य ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिकेचे हे दक्षिण टोक. या पाचांनी मिळून पृथ्वीवरील जमिनीचा जेमतेम २ टक्के भाग व्यापला आहे, परंतु संवहनी (पाणी व अन्न वाहून नेणाऱ्या वाहिन्या असलेल्या) वनस्पतींच्या ज्ञात जातींपैकी जवळजवळ एक पंचमांश जाती तेथे नांदतात. त्यांतही केपची गोष्ट वेगळीच आहे. सुमारे ९०,००० चौरस किलोमीटरांत सुमारे ९,००० जाती, आणि त्यांपैकी जवळजवळ ७० टक्के प्रदेशनिष्ठ, म्हणजे जगात अन्यत्र कोठेही नैसर्गिकरीत्या न उगवणाऱ्या. वनस्पतिशास्त्राच्या पारंपरिक विभागणीत जगाची सहा पुष्पराज्ये, म्हणजे वनस्पतींच्या सारखेपणावरून पाडलेले मोठे भूविभाग, मानली जातात. त्यांतील सर्वांत लहान राज्य हेच. जैवविविधतेचा ‘हॉटस्पॉट’ ही कल्पना पर्यावरणशास्त्रज्ञ नॉर्मन मायर्स यांनी १९८८ मध्ये मांडली आणि पुढे तिच्या दोन अटी ठरल्या : किमान १,५०० प्रदेशनिष्ठ वनस्पती, आणि मूळ अधिवासाचा किमान ७० टक्के भाग आधीच नष्ट झालेला असणे. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत हा शब्द बिरुदासारखा मिरवला जातो तेव्हा दुसरी अट सोयीस्करपणे गळून पडते. आमच्या माहितीपत्रकातही ती गळलेली होती.

व्यवस्थेविषयी थोडक्यात. गटात आठ जण, एक बऱ्यापैकी आरामशीर गाडी, आणि तिन्ही दिवस एकच मार्गदर्शिका. या बाई मूळच्या केपच्याच असून, दुर्मिळ रानफुलांची नोंद ठेवणाऱ्या ‘क्रू’ या स्वयंसेवकांच्या उपक्रमात अनेक वर्षे काम करीत आलेल्या आहेत. हा उपक्रम २००३ मध्ये सुरू झाला. निवृत्त शिक्षक, शेतकरी, विद्यार्थी असे लोक ठरावीक जागी जाऊन कोणती संकटग्रस्त वनस्पती अजून टिकून आहे आणि किती संख्येने, याची मोजदाद करतात. दक्षिण आफ्रिकेने २००९ मध्ये आपल्या सर्व ज्ञात वनस्पतींचे मूल्यमापन करून संकटग्रस्त जातींची लाल यादी प्रसिद्ध केली. इतकी विपुल वनस्पतिविविधता असलेल्या देशाने संपूर्ण यादी तयार करण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या यादीला ताज्या नोंदी मिळतात त्या अशा पायपिटीतूनच. मार्गदर्शिका माहिती पाठ म्हणून सांगत नव्हत्या. प्रश्न विचारला की थांबत, झुडपापाशी गुडघे टेकून बसत आणि भिंग पुढे करीत. या फेरीचा खरा ठेवा म्हणजे या बाईच, हे मी संस्थेलाही कळवले आहे.

पहिला दिवस संपूर्णपणे कर्स्टनबॉश राष्ट्रीय वनस्पती उद्यानासाठी राखलेला होता आणि तो योग्यच होता. टेबल माउंटनच्या पूर्व उतारावरचे हे उद्यान १९१३ मध्ये स्थापन झाले. ही जमीन ब्रिटिश वसाहतवादी राजकारणी सेसिल ऱ्होड्स यांनी १८९५ मध्ये विकत घेतली होती आणि १९०२ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर ती राष्ट्राला मिळाली. पहिले संचालक हॅरल्ड पिअर्सन यांच्या ताब्यात ती आली तेव्हा ती काट्याकुट्यांनी भरलेली, दुर्लक्षित जागा होती. त्यांनी येथे वेतनाशिवाय काम केले आणि १९१६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी उद्यानातच आहे आणि तिच्यावरील लेखाचा आशय असा, की त्यांचे स्मारक शोधत असाल तर सभोवार पाहा. संपूर्ण मालमत्ता ५२८ हेक्टरांची असून लागवडीचा भाग सुमारे ३६ हेक्टर आहे. या उद्यानाचे धोरण पहिल्यापासून स्थानिक वनस्पतींचे राहिले आहे. ज्या काळात वनस्पती उद्यान म्हणजे दूरदेशीच्या नवलाईच्या झाडांचे प्रदर्शन अशी समजूत होती, त्या काळात हा निर्णय धाडसाचा म्हणायला हवा.

माझी बहीण शाळेत जीवशास्त्र शिकवीत असे, त्यामुळे तिला उत्साह दांडगा, पण गुडघे साथ देत नाहीत. तिच्यासाठी सर्वांत सोयीची ठरली ती २०१४ मध्ये खुली झालेली वृक्षमाथ्यांवरची पायवाट. ‘बूमस्लँग’ या झाडावरच्या सापाचे नाव तिला दिले आहे, कारण लाकूड आणि पोलाद यांची ही १३० मीटरांची वाट सापासारखीच वळणे घेत झाडांच्या शेंड्यांपर्यंत, म्हणजे जमिनीपासून सुमारे बारा मीटर उंच जाते. चाकाच्या खुर्चीलाही ती चालते. इतर वाटा मात्र उताराच्या आहेत आणि माहितीपत्रकात ‘सोपी चाल’ असे जे लिहिले आहे ते गुडघेदुखी असलेल्यांनी शब्दशः घेऊ नये.

त्या दिवशीच्या दोन जागा मनात ठसल्या. पहिली म्हणजे १६६० मध्ये येथील डच वसाहतीचे प्रमुख यान फान रीबेक यांनी लावून घेतलेल्या रानबदामाच्या कुंपणाचे अवशेष. डच वसाहतीची हद्द आखावी आणि मूळच्या खोइखोइ लोकांना व त्यांच्या गुराढोरांना बाहेर ठेवावे, यासाठी हे कुंपण होते. आज ते आडव्या पसरलेल्या, एकमेकांत गुंतलेल्या खोडांचे काळोखे जाळे झाले आहे. गंमत अशी की, ज्यांना बाहेर ठेवायचे होते त्यांचेच हे झाड. त्याची विषारी फळे अनेक दिवस पाण्यात भिजवून खाण्याजोगी करण्याची विद्या खोइखोइ लोकांकडे होती. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे झाड प्रोटिया कुळातले असूनही त्याचे जवळचे नातलग आफ्रिकेत नाहीत. ते ऑस्ट्रेलियातील मॅकाडेमिया या कवचफळाच्या झाडाच्या गोतावळ्यातले. दोन्ही भूखंड एकेकाळी जोडलेले होते याची आठवण हे प्रोटिया कूळ पदोपदी करून देते. येथील माहितीफलक चांगले आहेत, परंतु एवढ्या अवघड इतिहासासाठी त्यावरचा मजकूर मला तोकडा वाटला.

दुसरी जागा म्हणजे सायकॅडचे, म्हणजे ताडासारख्या दिसणाऱ्या अतिप्राचीन वंशाच्या झाडांचे, दालन. यातील बहुतेक झाडे केपची नाहीत, आफ्रिकेच्या पूर्व भागातील आहेत. तरीही संरक्षणाचा प्रश्न समजून घ्यायला याहून बोलकी जागा नाही. वूड यांच्या नावाने ओळखला जाणारा सायकॅड १८९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या पूर्वेकडील नाताळ या प्रदेशातील न्गोये अरण्यात सापडला, तो एकच, आणि तोही नर. जगभरच्या उद्यानांत आज जी झाडे आहेत ती सारी त्या एकाच नराच्या फुटव्यांपासून वाढलेली. मादी आजवर कोणालाही मिळालेली नाही. येथील झाडाभोवती लोखंडी पिंजरा आहे. प्रथम तो विद्रूप वाटतो, परंतु २०१४ मध्ये याच उद्यानातून अतिशय दुर्मिळ अशा दुसऱ्या एका जातीचे सायकॅड खणून चोरीला गेले होते, हे कळल्यावर पिंजऱ्याविषयीची तक्रार मागे घ्यावी लागते. संग्राहकांच्या बाजारात दुर्मिळता हीच किंमत ठरवते, आणि त्यामुळे जी जात जितकी कमी उरते तितकी तिची चोरी अधिक फायद्याची होते.

रुपेरी वृक्षांविषयी मात्र मी फार अपेक्षा ठेवून गेले होते आणि त्या पुऱ्या झाल्या. पानांवरच्या रेशमी केसांमुळे संपूर्ण झाड वाऱ्यात चकाकते. नर आणि मादी झाडे वेगळी असतात, निसर्गतः ही जात प्रामुख्याने केप द्वीपकल्पापुरतीच मर्यादित आहे, आणि तीही आता संकटग्रस्तांत मोडते.

आता पहिली मोठी तक्रार. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर लाल डिसा या ऑर्किडचे पानभर छायाचित्र आहे आणि त्याखाली आमच्याच फेरीच्या तारखा छापल्या आहेत. बहिणीने ही फेरी निवडली ती त्या एका छायाचित्रासाठी. लाल डिसा डोंगरातील ओढ्यांच्या काठी, ओल्या कड्यांवर फुलते आणि तिचा हंगाम उन्हाळ्याचा, म्हणजे साधारण जानेवारी ते मार्च असा असतो. सप्टेंबरात ती दिसण्याची आशा करणेच व्यर्थ. मार्गदर्शिकांनी पहिल्याच तासाला ही गोष्ट स्पष्टपणे सांगून टाकली आणि त्याबद्दल त्यांच्याविषयी माझा आदर वाढला, पण फसवणूक व्हायची ती झालीच होती. भरपाई म्हणून की काय, त्यांनी डिसाच्या परागीभवनाची हकीकत फार सुंदर सांगितली : या फुलाचे काम ‘माउंटन प्राइड’ नावाचे एकच मोठे तपकिरी फुलपाखरू करते, त्याला लाल रंगाची इतकी ओढ असते की ते गिर्यारोहकांच्या लाल टोप्यांकडेही झेपावते, आणि त्याच हंगामात फुलणाऱ्या इतरही काही लाल फुलांची वंशवृद्धी त्याच्यावर अवलंबून आहे. एका फुलपाखराच्या पंखांवर एवढा भार आहे हे ऐकून बहिणीने वहीत दोन पाने भरली. तरीही छायाचित्र चूक ते चूकच.

दुसऱ्या दिवशीची सकाळ मागच्या उन्हाळ्यात जळलेल्या एका उतारावर घालवली. गटातील दोघांनी येथे नाराजी व्यक्त केली. सुटीत राख पाहायला कोण जातो, असा त्यांचा सूर होता. मला हा तीन दिवसांतील सर्वोत्तम भाग वाटला. केपच्या या झुडपी वनस्पतिसमूहाला ‘फेनबॉस’, म्हणजे बारीक पानांची झुडपे, असे म्हणतात. त्यात प्रोटिया, एरिका आणि गवतासारखे दिसणारे रेस्टिओ ही तीन मुख्य घराणी असतात. बहिणीने रेस्टिओला पहिल्या नजरेत गवत म्हणून मोडीत काढले होते. मार्गदर्शिकांनी तिला नर आणि मादी रोपे शेजारी शेजारी दाखवली, तेव्हा दोन्ही एकाच जातीची आहेत यावर आमचा विश्वास बसेना, इतकी ती निराळी दिसत होती. जमीन येथे वालुकाश्माची, कमालीची नापीक. या नापिकीमुळेच कोणतीही एक वनस्पती इतरांना दडपून टाकण्याइतकी माजत नाही. शिवाय डोंगररांगांमुळे काही किलोमीटरांत पावसाचे मान बदलते, बिया फार दूर जात नाहीत, आणि दीर्घ काळ हवामान तुलनेने स्थिर राहिल्यामुळे जुन्या जाती टिकल्या आणि नव्या घडत गेल्या. सुमारे ४७० चौरस किलोमीटरांच्या केप द्वीपकल्पावर २,२०० हून अधिक जाती कशा, याचे उत्तर अशा अनेक कारणांच्या गुंतावळ्यात आहे.

आणि आग. फेनबॉसला साधारण दहा-पंधरा वर्षांनी आग लागावीच लागते. ती लागली नाही तर जुनी झुडपे रोडावतात आणि बिया जमिनीत झोपून राहतात. त्या उतारावर काळ्या पडलेल्या प्रोटियाच्या झुडपांवर अजून बोंडे होती, उघडलेली आणि रिकामी; आगीत झुडूप मरते, बोंडे सुकून उकलतात आणि वर्षानुवर्षे जपून ठेवलेल्या बिया राखेवर सांडतात. राष्ट्रीय फूल असलेली किंग प्रोटिया मात्र दुसऱ्या मार्गाने जाते : तिच्या बुंध्याशी जमिनीखाली जाड गड्डा असतो आणि जळाल्यावर त्यातूनच नवे कोंब येतात. एक प्रकारची लिली तर आगीनंतर काही आठवड्यांच्या आतच फुलते. आमच्या भेटीपर्यंत तिचा काळ सरला होता, पण कंदवर्गीय फुलांची दाटी एवढी होती की पाऊल कोठे टाकावे हा प्रश्न पडत होता. या जागृतीमागे धूर आहे, हे कर्स्टनबॉशमधील योहानेस डी लांगे आणि चार्ल्स बाउचर यांच्या संशोधनातून १९९० मध्ये पुढे आले : नुसता धूर दिल्याने रुजायला हट्टी असलेल्या बिया रुजू लागल्या. उद्यानातील दुकानात धुराच्या अर्कात बुडवून वाळवलेले कागदी तुकडे मिळतात. पाण्यात टाकून त्यात बिया भिजवायच्या. आदल्या दिवशी आम्ही त्यांकडे खेळणे म्हणून पाहिले होते.

तथापि आग हितकारक आहे असे सरसकट म्हणणे धोक्याचे आहे, आणि मार्गदर्शिकांनी ते म्हटले नाही, हे मला विशेष आवडले. प्रोटियाच्या रोपाला पहिल्यांदा फुलायलाच काही वर्षे लागतात. संवर्धन करणाऱ्यांचा ठोकताळा असा, की सर्वांत मंद वाढणाऱ्या प्रोटियाच्या निम्म्या तरी झुडपांनी तीन हंगाम फुलून घेतलेले असावे, त्याआधी आग लागू नये. शहर डोंगराला भिडल्यामुळे माणसांच्या हातून लागणाऱ्या आगी वाढल्या आहेत. एकाच उतारावर पाच-सहा वर्षांत दुसरी आग आली तर बियांचा साठा तयारच झालेला नसतो आणि ती जात तेथून नाहीशी होते. ऋतूचेही महत्त्व आहे. उन्हाळा सरताना लागलेली आग चांगली, कारण पुढे पाऊस असतो.

दुपारचे जेवण एका सार्वजनिक सहलस्थळी, डब्यांतून. सँडविच साधेच होते, रूइबॉसचा चहा उत्तम. हा चहादेखील केपच्याच एका रानझुडपाचा, आणि त्याविषयीच्या पारंपरिक ज्ञानाचा मोबदला खोइ आणि सान समाजांना देण्याचा करार २०१९ मध्ये झाला. जेवताना टेबलावर बारीक तपकिरी मुंग्यांची रांग आली आणि मार्गदर्शिकांनी हातातील घास खाली ठेवला. त्या अर्जेंटिनातील मुंग्या होत्या, शंभरहून अधिक वर्षांपूर्वी येथे पोहोचलेल्या. पिनकुशन हे प्रोटिया कुळातले झुडूप आणि तत्सम अनेक झुडपे यांच्या बियांवर एक तेलकट, मांसल टोपण असते. स्थानिक मुंग्या बी उचलून वारुळात नेतात, टोपण खातात आणि बी जमिनीखाली, उंदरांपासून आणि आगीपासून सुरक्षित असे सोडून देतात. या उपऱ्या मुंग्या स्थानिक मुंग्यांना हुसकावून लावतात, टोपण जागच्या जागी फस्त करतात आणि बी उघड्यावर टाकतात. पुढच्या आगीनंतर तेथे काय उगवणार, हे अशा रांगेवरून ठरत असते. जेवणाच्या टेबलावरची ती पाच मिनिटे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नाहीत.

तेथून टोकाई या वनक्षेत्राकडे. येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पाइनची लागवड होती. आता सखल भागातील बरीच तोडली गेली आहे आणि केप फ्लॅट्सच्या वाळूवरील फेनबॉस परत आणण्याचा प्रयत्न चालू आहे. केप टाउनचा बहुतांश विस्तार याच सपाट वाळूवर झाल्यामुळे हा अधिवास अत्यंत संकटात आहे आणि त्याचे उरलेले तुकडे घरांच्या, रस्त्यांच्या आणि मैदानांच्या मध्ये अडकलेले आहेत. आश्चर्य असे की, अनेक दशके पाइनच्या सावलीखाली दडलेले बी अजून जिवंत होते. झाडे तोडून जागा जाळल्यावर कोणी न पेरलेली झुडपे वर आली. दिसायला हा भाग ओसाडच. आजूबाजूच्या रहिवाशांना फिरायला पाइनची सावली हवी होती, वाद न्यायालयापर्यंत गेला होता, आणि उन्हात तासभर उभे राहिल्यावर त्यांची बाजूही मला थोडी समजली.

या वाळूत एका जागी एरिका व्हर्टिसिलाटाची रोपे होती. तिचा भराचा हंगाम नसल्यामुळे फुले मोजकीच, गुलाबी, नळीसारखी, खोडाभोवती वलयांत लागलेली. पण हे झुडूप आम्ही फार वेळ पाहत राहिलो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत ही जात निसर्गातून नामशेष झाली. ती उरली होती ती बागांमधून : एक झुडूप प्रिटोरियातील एका उद्यानात १९८० च्या दशकात ओळखले गेले, काही लंडनच्या क्यू उद्यानाकडे होती, तर काही व्हिएन्नातील राजघराण्याच्या जुन्या संग्रहातून वंशपरंपरेने जपली गेली होती. ही विखुरलेली रोपे कर्स्टनबॉशमध्ये एकत्र आणून वाढवण्यात आली आणि १९९४ पासून केप फ्लॅट्सवरील राखीव जागांत पुन्हा लावण्यात येऊ लागली. प्रत्येक रोप कोणत्या वाणापासून आले याची नोंद ठेवावी लागते, कारण मूळ वाण इतके थोडे आहेत की एकसारख्यांचीच गर्दी झाली तर बी धरण्याची पंचाईत. पुनर्लागवड म्हणजे खड्डा आणि पाणी, एवढीच माझी समजूत होती. येथे ती कुळांच्या वंशावळीसारखी चालते.

परदेशी झाडांविषयी बोलताना मार्गदर्शिकांनी पाण्याचा हिशेब मांडला, आणि तो योग्य ठिकाणी मांडला. पाइन, हाकिया आणि ऑस्ट्रेलियातील बाभळीच्या जाती फेनबॉसपेक्षा कितीतरी अधिक पाणी पितात. सरकारने १९९५ मध्ये ‘वर्किंग फॉर वॉटर’ हा कार्यक्रम सुरू केला. ही झाडे तोडायची आणि त्या कामातून बेरोजगारांना रोजगार द्यायचा, असे त्याचे स्वरूप. पुढे २०१८ मध्ये शहराचे नळ बंद होण्याची वेळ येऊन ठेपली होती. शहरासाठी स्थापन झालेल्या जलनिधीच्या अभ्यासानुसार, पाणलोटांतील ही झाडे दरवर्षी सुमारे ५५ अब्ज लिटर पाणी गिळतात, म्हणजे शहराचा जवळजवळ दोन महिन्यांचा पुरवठा.

तिसरा दिवस फुलांचा होता आणि त्याचे नियोजन फसले. वेस्ट कोस्ट राष्ट्रीय उद्यानातील पोस्टबर्ग हा भाग फक्त ऑगस्ट आणि सप्टेंबर या दोन महिन्यांत फुलांसाठी खुला असतो. सकाळपासून आकाश भरून आलेले होते. येथील डेझीवर्गीय फुले ऊन आणि ऊब असेल तरच उघडतात, तीही साधारण दहा ते चार या वेळात, आणि तोंडे सूर्याकडे करून. ढगाळ दिवशी मैदानावर मिटलेल्या कळ्यांखेरीज काही दिसत नाही. अंदाज दुपारनंतर उघडीप होण्याचा होता. दिवसाचा क्रम उलटा करावा, असे मार्गदर्शिकांनी कार्यालयाला दूरध्वनीवर सुचवल्याचे आम्ही सर्वांनी ऐकले. कार्यालयाने ठरलेला क्रम सोडू नये असे कळवले. परिणामी आम्ही सकाळी दोन तास मिटलेल्या फुलांतून फिरलो आणि उद्यानाच्या फाटकाबाहेर पडत असताना ऊन पडले. जी संस्था निसर्गाच्या वेळापत्रकावर पैसे घेते, तिने स्वतःचे वेळापत्रक एवढे कडक ठेवावे, हे मला अनाकलनीय वाटले.

त्या उन्हाचा लाभ झाला तो डार्लिंग गावाजवळच्या टीनी व्हर्सफेल्ड राखीव क्षेत्रात. हे क्षेत्र जेमतेम वीस हेक्टरांचे, एका शेतकऱ्याने दिलेल्या जमिनीचे, गव्हाच्या शेतांच्या शेजारी. प्रवेशाला पैसे नाहीत. येथे रेनॉस्टरवेल्ड हा फेनबॉसचा सुपीक चिकणमातीवरचा शेजारी पाहायला मिळतो. वालुकाश्माची नापीक जमीन नांगराला नकोशी होती म्हणून डोंगरावरचा फेनबॉस बऱ्याच अंशी वाचला. रेनॉस्टरवेल्डची माती चांगली, म्हणून सखल भागातील त्याचा दहावा हिस्साही उरलेला नाही. जे उरले ते अशा तुकड्यांत आणि नांगर न पोहोचणाऱ्या उतारांवर. पाणथळ गवतात ‘वाइनकप’ फुलली होती : गर्द निळी वाटी, आत पांढरे कडे आणि मध्ये रक्तासारखा लाल तळ. एका फुलात केसाळ भुंगेरा पाय वर करून झोपल्यासारखा पडला होता. हे भुंगेरेच त्यांचे परागीभवन करतात. बहीण वाटेवर चक्क बसली, तासभर उठली नाही, आणि डिसाचे नाव त्यानंतर तिने काढले नाही. कार्यक्रमपत्रिकेत या थांब्याला ‘वाटेतील विश्रांती, २० मिनिटे’ असे म्हटले होते. मार्गदर्शिकांनी त्या दिवशी घड्याळाकडे पाहिले नाही आणि त्याची झळ त्यांना लागली नसावी, अशी आशा आहे.

व्यवहाराच्या काही गोष्टी. शुल्क रँडमध्ये आगाऊ घेतात आणि त्यात राष्ट्रीय उद्यानांचे प्रवेशशुल्क धरलेले नसते. परदेशी पाहुण्यांसाठी त्या शुल्काचा दर स्थानिकांपेक्षा बराच जास्त असतो, ही बाब नोंदणीच्या वेळी स्पष्ट सांगायला हवी होती. दिलेली पुस्तिका तीन भाषांत नावे देते, पण चित्रे रंगांच्या क्रमाने लावलेली आहेत, अधिवासाच्या क्रमाने नाहीत, त्यामुळे जळलेल्या उतारावर उभे राहून तिचा उपयोग करता येत नाही. वारा जोराचा असतो. छत्री नेऊ नये, टोपीला नाडी असावी. बिया विकत घेण्याचा मोह होतो, परंतु त्या परदेशात नेण्यासाठी कागदपत्रे लागतात. आम्ही धुराचे कागद तेवढे घेतले. मार्गदर्शिकांना पाचपैकी पाच, आखणीला अडीच, आणि जाहिरातीला गुण देण्याची माझी इच्छा नाही.

परतल्यावर मी संस्थेला मुखपृष्ठाविषयी लिहिले. चार दिवसांत सौजन्यपूर्ण उत्तर आले : डिसासाठी जानेवारीत स्वतंत्र फेरी निघते, तिच्यात आम्हाला सवलत मिळेल, आणि सप्टेंबरच्या माहितीपत्रकावर पुढील वर्षी वाइनकपचे छायाचित्र घेण्याचा विचार आहे. सवलतीची मुदत कधीपर्यंत आहे, हे बहिणीने त्याच संध्याकाळी विचारून घेतले.